पैलवानांचं शहर आणि आपली पलटण

आमच्या आळीत एक रिटायर हवालदार होते, अख्खं गाव त्यांना हवालदार आबाच म्हणायचं. आबा, तुम्ही लढाईला कुठं कुठं गेला होता असं विचारलं की बोटावर मोजत सांगायचे, इंफाळ, मग मलाया, मग शेवटी जावा. आम्हा पोरांना जावा म्हणजे फक्त फटफटी माहीत, त्यामुळे आम्ही फिदीफिदी हसायचो. इंफाळबद्दल आबा तासतासभर बोलायचे, तो पाऊस, त्या जळवा, जपानी रात्री कसे ओरडत अंगावर यायचे, सगळं ॲक्शन करून. जावाचं नाव निघालं की मात्र "तिथं काय नाय, तिथली पोरं आपल्यागतच होती" एवढंच म्हणायचे आणि तंबाखू मळायला घ्यायचे.

हे "तिथं काय नाय" म्हणजे नेमकं काय होतं ते कळायला मला चाळिशी उजाडली. इंडोनेशियातल्या जावा बेटावरचं सुराबाया शहर, १९४५ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर. आता इतकं वाचून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय ते आधीच सांगून टाकतो. सुराबायाच्या लोकांनी तेव्हा हातात बंदूक घेतली ते बरोबरच केलं, आणि त्यांच्या समोर जी फौज उभी होती तिच्यात आपली मराठा पलटण होती ही गोष्ट आपण मराठी माणसांनी न लपवता सांगायला पाहिजे. पहिल्या वाक्याला सगळे मान डोलावतात, दुसरं वाक्य आलं की लोक चहा मागवतात.

आधी गोष्ट. १५ ऑगस्ट १९४५ ला जपानने शरणागती जाहीर केली. १७ ला जकार्तात इंडोनेशियाचे पुढारी सुकर्णो यांच्या घरासमोर थोडे लोक जमले, सुकर्णो आणि त्यांचे साथीदार हट्टा या दोघांच्या नावाने दोन वाक्यांचा जाहीरनामा वाचला गेला, सुकर्णोंच्या पत्नी फातमावतींनी घरी शिवलेला लाल-पांढरा झेंडा बांबूच्या काठीवर चढला, झालं, देश स्वतंत्र. ना बँड ना तोफा. तिथे आधी राज्य करणारे डच तर त्या वेळी सत्तेत नव्हतेच, ते मार्च १९४२ मध्ये जपान्यांपुढे हात वर करून मोकळे झाले होते, काही कैदेत आणि काही थेट ऑस्ट्रेलियात. म्हणजे बघा, ज्याने आधी घर बळकावलं तो पळून गेला, मग दुसऱ्याने बळकावलं, तोही गेला, मग खऱ्या मालकाने दाराला स्वतःचं कुलूप घातलं, आणि आता पहिला परत येऊन विचारतोय की माझी किल्ली कुठाय!

आणि किल्ली मागायला तो स्वतः आलाच नाही, त्याच्याकडे फौजच नव्हती, हॉलंड स्वतः मे महिन्यात कुठे जर्मनांच्या हातून सुटलं होतं. म्हणून ब्रिटिश आले. २४ ऑगस्ट १९४५ ला ब्रिटिश आणि डच सरकारांमध्ये करार झाला की ब्रिटिश फौज बेटं ताब्यात घेईल आणि मग कारभार डचांच्या प्रशासनाकडे जाईल. पण ब्रिटिशांकडे तरी गोरे शिपाई कुठे होते, सहा वर्षं लढून त्यांना घरी जायची घाई. मग कोण? आपण. हिंदुस्थानी पलटणी. स्वतः गुलाम असलेला माणूस दुसऱ्याचा गुलामगिरीचा पट्टा परत आवळायला पाठवायचा, आणि त्याला पगारही द्यायचा. ब्रिटिशांच्या डोक्याला मानलं पाहिजे.

सुराबायात त्याआधीच वातावरण तापलं होतं. १९ सप्टेंबरला तिथल्या एका मोठ्या हॉटेलवर काही डच लोकांनी त्यांचा तिरंगी झेंडा फडकवला, लाल-पांढरा-निळा. खाली गर्दी जमली, मारामारी झाली, त्यात एक डच माणूस जिवानिशी गेला, आणि पोरं शिडी लावून वर चढली आणि त्यांनी झेंड्याचा खालचा निळा पट्टा फाडून टाकला. राहिला लाल-पांढरा, म्हणजे यांचाच झेंडा. मला ही गोष्ट लय आवडते. नवा झेंडा आणायची गरजच नाही, जास्तीचं तेवढं काढून टाकलं की झालं. त्यानंतर तिथल्या जपानी ॲडमिरल शिबाताने शस्त्रसाठ्याची दारं उघडी केली, रायफली, मशिनगनी, गाड्या, सगळं शहराच्या हाती आलं. बाकी जावात पोरं टोकदार बांबू घेऊन फिरत होती, सुराबायात त्यांच्याकडे रणगाडेसुद्धा होते. आणि त्या सगळ्यांचा एक पुढारी कोण, तर मुस्तोपो नावाचा दातांचा डॉक्टर.

२५ ऑक्टोबरला ब्रिगेडियर मॅलबी यांची ४९ वी ब्रिगेड बंदरात उतरली, चारेक हजार माणसं. त्यात आपली मराठा लाइट इन्फन्ट्री आणि राजपुताना रायफल्स. योगायोग बघा, त्याच २५ ऑक्टोबरला इकडे हिंदुस्थानात काँग्रेसच्या हाकेवर आग्नेय आशिया दिन पाळला जात होता, आमचे सैनिक इंडोनेशिया आणि व्हिएतनाममधून परत बोलवा म्हणून. इकडे सभा, तिकडे बोटीतून उतरणारी पोरं, आणि दोन्ही बहुतेक एकाच घरातली.

मॅलबी यांनी स्थानिक पुढाऱ्यांशी बोलून समझोता केला, शस्त्रं तुमच्याकडेच ठेवा, आम्ही कैदी आणि जपानी तेवढे घेऊन जातो. ठीक होतं. पण २७ तारखेला सकाळी जकार्ताहून आलेल्या विमानातून शहरावर पत्रकं पडली, ४८ तासांत सगळी शस्त्रं जमा करा, नाहीतर गोळी खाल. वरच्या साहेबांचा हुकूम. खालच्या साहेबाने काल दिलेला शब्द वरच्या साहेबाने विमानातून फाडून खाली फेकला, एवढं सोपं. मॅलबींची माणसं शहरभर विखुरलेली, इथे पन्नास तिथे शंभर, कुणी शाळेत कुणी ऑफिसात. २८ ला संध्याकाळी शहर उठलं. लष्करी शिक्षण घेतलेले वीसेक हजार आणि त्यांच्या मागे लाखभर साधी माणसं, रिक्षावाले, कारखान्यातले, मदरशातले. त्याच आठवड्यात, २२ ऑक्टोबरला, सुराबायातच नाहदलातुल उलामा या मुसलमान संघटनेच्या मौलवींनी हाशिम अशअरी यांच्या पुढाकाराने ठराव केला होता की परत येणाऱ्या सत्तेविरुद्ध लढणं हे कर्तव्य आहे. दोन दिवसांत ब्रिगेडचे शेकडो कापले गेले. ब्रिटिशांना शेवटी ज्या सुकर्णोंना ते धड ओळखतही नव्हते त्यांनाच विमानात घालून आणावं लागलं, बाबा तूच थांबव यांना म्हणून.

३० तारखेला शस्त्रसंधी फिरून सांगायला मॅलबी गाडीतून निघाले आणि जेम्बातान मेराह म्हणजे लाल पुलाजवळ, इंटरनॅटिओ नावाच्या इमारतीसमोर, गर्दीत अडकले. त्या इमारतीत कोण अडकलं होतं? मराठा पलटणीची कंपनी. बाहेर हजारोंचा जमाव, आत आपली पोरं, आणि वाटाघाटीला आत गेलेल्यांमध्ये कुंदन नावाचा सुराबायातलाच एक भारतीय. हा सीन माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. इंडोनेशियाच्या बाजूने एक हिंदुस्थानी माणूस आत जातो आणि इंग्रजांच्या बाजूने बंदूक धरलेल्या हिंदुस्थान्यांशी बोलतो. मग गोळीबार झाला आणि मॅलबी मारले गेले, नेमकं कुणी सुरुवात केली यावर वाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला.

पुढचं थोडक्यात. ५ वी इंडियन डिव्हिजन आली, २४ हजारांच्या आसपास माणसं, जनरल मॅन्सर्ग यांनी ९ नोव्हेंबरला अल्टिमेटम दिला की संध्याकाळी ६ पर्यंत सगळे पुढारी आणि बंदूकवाले डोक्यावर हात ठेवून हजर व्हा. इंडोनेशियाच्या बाजूचे गव्हर्नर सुर्यो यांनी रात्री रेडिओवरून नाही सांगितलं, बुंग तोमो नावाचा पंचविशीचा पत्रकार आधीपासूनच रेडिओवर गर्जत होता. १० नोव्हेंबरला सकाळी युद्धनौकांच्या तोफा, विमानं, शर्मन रणगाडे. तरी शहर घ्यायला तीन आठवडे लागले, गल्ली गल्ली करत. मेलेल्या इंडोनेशियनांचे अंदाज ६,००० पासून १६,००० पर्यंत आहेत, दोनेक लाख लोक शहर सोडून गेले. १० नोव्हेंबरला तिथे आजही 'हारी पहलावान' पाळतात, आणि सुराबायाला म्हणतात 'कोता पहलावान'. हारी म्हणजे दिवस, कोता म्हणजे शहर, आणि पहलावान म्हणजे त्यांच्या भाषेत वीर, शब्द मात्र आपल्याच पैलवानाचा भाऊ. सातारा-कोल्हापूरच्या माणसाला हा शब्द समजावून सांगायला नको, आणि त्या पैलवानांच्या समोरच्या कडेला कोण उभं होतं तेही सांगायला नको.

आता लोक काय म्हणतात ते.

एक मित्र, स्वतः फौजेतून रिटायर, म्हणाला की अरे ती ब्रिगेड डचांसाठी गेलीच नव्हती, ती कैद्यांच्या कॅम्पातली बायकापोरं सोडवायला गेली होती. हे खोटं नाही, आणि मी ते उडवूनही लावणार नाही. हजारो डच बायकामुलं जपानी कॅम्पात सडत होती. स्वातंत्र्याच्या नावाखाली त्या महिन्यांत डच, युरेशियन, चिनी अशा निरपराध माणसांचे गळे कापले गेले, सुराबायात पण, क्लबात पकडून नेऊन, जेलमध्ये घालून. २८ ऑक्टोबरला गुबेंगहून निघालेल्या बायकापोरांच्या ट्रकांवर हल्ला झाला तेव्हा पहाऱ्यावरचे हिंदुस्थानी शिपाई त्यांच्यासाठी लढत मेले. त्या शिपायांना माझा सलाम आहे आणि त्या हल्लेखोरांना नाही, मग ते कितीही मर्देका मर्देका (म्हणजे स्वातंत्र्य) ओरडत असोत. पण कैदी सोडवणं हे काम होतं तर शहराची शस्त्रं कशाला पाहिजे होती? मॅलबींनी शस्त्रं न घेता काम करायचं कबूल केलंच होतं की. २४ ऑगस्टचा करार काय कैदी सोडवण्यासाठी होता? माणुसकीचं काम आणि डचांचं काम एकाच बोटीत भरून पाठवलं आणि मग म्हणायचं की लोकांनी दुसरं काम बघून पहिल्यावर पण गोळ्या का झाडल्या.

दुसरा आक्षेप जास्त शहाण्या लोकांचा असतो, की सुकर्णो तर जपान्यांचा माणूस, शस्त्रं जपान्यांची, मग ही क्रांती कसली. सुकर्णोंनी जपान्यांच्या राज्यात त्यांच्यासाठी काम केलं, वेठबिगारीला पाठवलेल्या लाखो गरिबांच्या बाबतीत त्यांच्यावर डाग आहे, तो पुसायला मी आलेलो नाही. पण हाच युक्तिवाद नेताजींना लावून बघा आपल्याकडच्या कट्ट्यावर, किती मिनिटं टिकताय ते सांगा. आझाद हिंद सेनेच्या खटल्याला आख्खा देश पेटला होता तो काळ हाच, १९४५ चा नोव्हेंबर. आपल्याला तिकडे जपानी बंदूक चालते आणि इकडे नाही असं कसं. आणि डच परत येतायत या बातमीला उठलेलं शहर जपान्यांच्या सांगण्यावरून उठलं नव्हतं, सुकर्णोंच्या सांगण्यावरूनही नाही, उलट सुकर्णो-हट्टा त्यांना थांबा म्हणत होते. पोरांनी ऐकलं नाही.

तिसरा आक्षेप मला स्वतःला छळतो. एवढी माणसं मारून मिळालं काय, शेवटी स्वातंत्र्य तर टेबलावरच मिळालं ना, २७ डिसेंबर १९४९ ला, वाटाघाटी करून. लढाईच्या मध्यावर, १४ नोव्हेंबरला, इंडोनेशियाचे पंतप्रधान झालेले सुतान शाहरीर यांनी स्वतः पोरांच्या आंधळ्या हिंसेवर कडक टीका केली होती, आणि मी त्यांच्या बाजूने अर्धा तरी आहे. पण टेबलाचं काय झालं ते बघा. लिंगाजातीला डचांशी करार झाला, डचांनी जुलै १९४७ मध्ये तो मोडून हल्ला केला आणि त्याला नाव दिलं पोलीस कारवाई. डिसेंबर १९४७ ला रावागेडे गावात गावातले पुरुष रांगेत उभे करून मारले, त्यांच्या विधवांना न्याय मिळायला हेगच्या कोर्टात २०११ उजाडलं. पुन्हा करार, डिसेंबर १९४८ ला पुन्हा हल्ला. आणि १९४९ ला शेवटी सही झाली तेव्हा नव्या देशाच्या डोक्यावर साडेचार अब्ज गिल्डरच्या आसपास कर्ज टाकलं, त्यात यांना दाबायला केलेला खर्चही घालायची तयारी होती. असल्या माणसाशी टेबलावर बसायचं असेल तर तुमच्या मागे सुराबाया असावं लागतं. ब्रिटिशांना सुराबायानंतरच कळलं की हे काही मूठभर गुंड नाहीत, इथे डचांसाठी मरायचं म्हणजे शहरागणिक मरावं लागेल, आणि मग तेच डचांच्या मागे लागले की बोला बाबांनो यांच्याशी. ३० नोव्हेंबर १९४६ पर्यंत ते निघूनही गेले. लढाई हरलेल्यांनी शाहरीर यांच्यासाठी खुर्ची ओढून दिली, असं माझं वाचन आहे. हिंसेचं कौतुक म्हणून नाही सांगत, हिशोब म्हणून सांगतोय.

आणि तारखेचा तमाशा वेगळाच. इंडोनेशिया म्हणतो आम्ही १७ ऑगस्ट १९४५ ला स्वतंत्र झालो, डच म्हणत राहिले की आम्ही दिलं तेव्हा, १९४९ ला. २००५ मध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री जकार्तात जाऊन अर्धवट कबूल झाले, आणि पंतप्रधान रुट यांनी पार्लमेंटमध्ये पूर्णपणे मान्य केलं ते २०२३ ला. अठ्ठ्याहत्तर वर्षं! हा नुसता कॅलेंडरचा वाद वाटतो, पण नाही. १९४५ धरलं तर सुराबायाची पोरं आपल्या देशाचं रक्षण करत होती. १९४९ धरलं तर ती बंडखोर, दंगेखोर. ब्रिटिश कागदांत शब्द आहे 'एक्स्ट्रीमिस्ट'. हा शब्द आपल्याला नवा आहे का? उमाजी नाईकांनी १८३१ ला जाहीरनामा काढला आणि सरकारच्या दप्तरात ते दरोडेखोर म्हणून १८३२ ला पुण्यात फाशी गेले.

आता सगळ्यात अवघड भाग. आबांच्या पलटणीत पोरं कुठून भरती व्हायची? सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी. (पलटणीचं नाव मराठा असलं तरी त्यात मुसलमान होते, कानडी मुलुखातली पोरं होती, हे पण कुणी सांगत नाही.) आणि त्याच साताऱ्यात त्याच वर्षांत काय चाललं होतं? प्रतिसरकार. क्रांतिसिंह नाना पाटील, कुंडलचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा, तुफान सेना, १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली, १९४४ ला धुळ्याचा खजिना. इंग्रज राज्य अजून उभं असताना यांनी गावागावात आपलं राज्य जाहीर करून न्यायनिवाडे चालवले. म्हणजे एकाच वाड्यातला एक भाऊ ज्वारीच्या कणग्यात बंदूक लपवून सरकार चालवतोय आणि दुसरा भाऊ समुद्रापार जाऊन तसलंच सरकार मोडतोय, आणि त्याची मनीऑर्डर इकडे आईला येतेय. यात धाकटा हिरो आणि थोरला व्हिलन असं मला म्हणायचं नाहीच आहे, थोरला पोटासाठी गेला होता, दुष्काळी पट्ट्यातला माणूस पलटणीत नाही जाणार तर कुठे जाईल. हुकूम त्याने दिला नव्हता. पण हुकूम कशाचा होता हे विचारायचा हक्क आपल्याला आहे, आणि त्या काळातल्या लोकांनी तो वापरला पण होता.

१८ फेब्रुवारी १९४६, मुंबई, तलवार नावाच्या नौदलाच्या तळावर खलाशांनी संप केला. निकृष्ट जेवण, शिवीगाळ, पगार या मागण्या सगळ्यांना माहीत असतात. त्याच यादीत एक मागणी होती, इंडोनेशियातून हिंदुस्थानी फौज परत बोलवा. कॅसल बॅरॅक्स या खलाशांच्या छावणीवर आधी मराठा पलटणीचाच पहारा होता, आपल्याच पोरांवर धड नेम धरेनात म्हणून त्यांच्या जागी गोरे आणले, असं संपातल्या माणसांनी लिहून ठेवलंय. मग परळ, लालबाग, गिरणगाव रस्त्यावर उतरलं, दोनशेच्या वर माणसं गोळीबारात मेली, परळला कमल दोंदे गेल्या. सुराबायात राहिलेली गोष्ट मुंबईत घडली असं मी म्हटलं तर इतिहासवाले रागावतील, तरी म्हणतो. ब्रिगेडबरोबर सुराबायात उतरलेला पी. आर. एस. मणी नावाचा जनसंपर्काचा अधिकारी तर नोकरी सोडून मुंबईच्या फ्री प्रेस जर्नलचा वार्ताहर म्हणून परत तिकडेच गेला. काहीशे हिंदुस्थानी शिपाई पलटण सोडून इंडोनेशियनांना जाऊन मिळाले. म्हणजे "त्या वेळी कुणाला कळत नव्हतं" हे म्हणायची सोय नाही. आणि १९४६ ला इकडे उपासमार असताना शाहरीर यांनी वेढ्यातल्या आपल्या देशातून हिंदुस्थानला पाच लाख टन तांदूळ देऊ केला होता, सुराबायाची राख अजून गरम होती तेव्हा. त्यांना फरक कळत होता, हुकूम कुणाचा आणि माणूस कुणाचा.

मग आपल्याला का अवघड जातं? व्हॉट्सॲपवर मराठा पलटणीचे फॉरवर्ड येतात, यशवंत घाडगे, नामदेव जाधव, इटलीतले व्हिक्टोरिया क्रॉस, छाती फुगते, फुगावीच. पण त्या यादीत सुराबाया कधी नसतं. पराक्रम आपला आणि हुकूम इंग्रजांचा, अशी वाटणी करून आपण मोकळे. इटलीत हुकूम इंग्रजांचा नव्हता काय? घ्यायचं तर सगळं घ्या.

गेल्या वर्षी गावात माजी सैनिकांचा बोर्ड लावला चावडीवर. नाव, हुद्दा, कुठे लढले असे तीन रकाने. आबांच्या नावापुढे 'बर्मा' एवढंच. मी अर्ज दिला की पुढे 'जावा, १९४५' लिहा. पेंटर म्हणाला जागा आहे, दोन अक्षरं तर आहेत. अर्ज अजून पुढे सरकलेला नाही, कारण सरपंचांनी विचारलंय की तिथं आपण जिंकलो होतो का हरलो होतो.